माहेरवाशिणीची बरणी

"ज्या आत्याला तू स्वतःच्या तोंडानं फाटकातून परत पाठवलंस, तिच्या नावाची बरणी दरवर्षी काहून भरतेस, आई?"

अमेयचा प्रश्न स्वयंपाकघराच्या दारातून आला आणि विनताचे हात बरणीच्या गळ्यापाशी तसेच थबकले. आठवडाभर ओली हळद किसून मनगटापर्यंत पिवळे पडलेले ते हात... बरणीच्या तोंडावर खणाचा तुकडा बांधायचा होता, सुतळीचं एक टोक दातांत धरलेलं होतं, म्हणून उत्तर द्यायची वेळ टळली. तिनं गाठ मारली, आणखी एक मारली, आणि कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून बरणीच्या पोटावर एक टिकली लावली.

"आत्या इथंच विजय नगरात राहते, चंद्रावर नाही," अमेय बोलतच होता. "यायचं असतं तर एवढ्या वर्षांत आली नसती? आणि कशी येईल? आज बाकीचं बाजारात नेऊन राहिलीस तर तीही विकून टाक. सगळे तेच लोणचं मागतात."

"माहेरवाशिणीचं विकत नसतात रे."

"माहेरवाशिणीला हाकलतही नसतात, आई!"

बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला बिचारा. पोरगा वाईट नव्हता. कॉलेजात शिकवणारा, आजोबांना दर रविवारी न चुकता आपल्या हातानं दाढी करून देणारा, आईच्या गुडघ्यांना तेल चोळून देणारा... पण जे सगळ्या जगाला ठाऊक होतं तेच त्यालाही ठाऊक होतं. गाडीची किल्ली उचलून तो बाहेर गेला आणि विनता त्याच्या पाठीकडे पाहत राहिली. आपलेच दात, आपलेच ओठ. दुखलं म्हणून ओरडायचं कुणाजवळ?

ही बरणीची रीत तिच्या सासूबाईंची. जबलपुरातल्या गोरखपूर भागातल्या या घरामागं लिंबाचं एक झाड होतं, त्याच्या सावलीत हळदीचा वाफा, आणि वाफ्याच्या कडेला आंबेहळदीचे चार गड्डे. थंडी पडली, हळदीची पानं पिवळी पडून माना टाकू लागली की सासूबाई कंद उकरायच्या, धुवायच्या, जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक पुसून कोरडा करायच्या आणि लोणच्याला बसायच्या. त्यात आंबेहळदीच्या चकत्या पडायच्या, त्यामुळं ऐन जानेवारीत त्या लोणच्याला कैरीचा वास यायचा! कुणी खुबी विचारली तर सासूबाई नुसत्या हसत. आणि लोणचं मुरायला घालताना पहिली बरणी भरायची ती घरच्या लेकीची. तिला खण बांधायचा, कुंकू लावायचं. तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, उघडायची ती लेकीनंच. वर्षभरात लेक आलीच नाही तर पुढच्या थंडीत ते लोणचं गल्लीत माहेरपणाला आलेल्या एखाद्या पोरीच्या ताटात वाढायचं आणि रिकामी बरणी धुऊन पुन्हा भरायची. "घरात लेकीची बरणी भरलेली असली," सासूबाई म्हणायच्या, "म्हणजे माहेर उघडं आहे असं समजायचं."

सासूबाई गेल्या तेव्हा नणंद पूर्णिमा कॉलेजात होती. सासऱ्यांचं, बापूसाहेबांचं, शेंडेफळ, लाडोबा! स्वयंपाकघरात कधी पाऊल टाकलं नाही, लिंबाखाली खुर्ची टाकून वाचत बसायची आणि तिथूनच ओरडायची, "वहिनी, भूक लागली!" विनता तिच्याहून फार मोठी होती असंही नाही, पण आई नसलेल्या त्या पोरीची वेणी घालता घालता ती तिची आई कधी होऊन बसली ते तिचं तिलाच कळलं नाही. संध्याकाळी दोघी सायकल रिक्षानं बाजारात जायच्या, परत येताना खोव्याची जिलेबी खायच्या आणि घरी येऊन बापूसाहेबांना सांगायच्या की देवळात उशीर झाला... काय दिवस होते ते!

आणि मग पूर्णिमानं अनुपमशी लग्न केलं. कोर्टात. मुलगा सज्जन होता, नोकरीला होता. पण मराठी नव्हता, आणि बापूसाहेबांना विचारलेलं नव्हतं. एवढी मोठी शाळा एका नजरेच्या धाकात ठेवणारे हेडमास्तर ते... जिला खांद्यावर बसवून ग्वारीघाटची नर्मदा दाखवली, तिनं कागदावर सही करून दुसऱ्याच्या घरी जावं, हे त्यांच्या अभिमानाला सोसलं नाही. ते दोन दिवस जेवले नाहीत आणि नंतर तिचं नाव घेईनात.

लग्नानंतरची पहिली संक्रांत आली. त्या दिवशी पूर्णिमा काळी चंद्रकळा नेसून एकटीच रिक्षातून फाटकापाशी उतरली. पहिल्या संक्रांतीला लेकीला हलव्याचे दागिने घालतात. आई नसली तरी वहिनी आहे, ती घालील, आणि दागिने घातलेली आपली पोर पाहून बापू विरघळतील... असा सगळा हिशेब तिच्या त्या भाबड्या डोळ्यांत दिसत होता. आणि तो चुकीचा नव्हता हो! विनतानं आठवडाभर चोरून बसून हलवा गुंफला होता. हार, बांगड्या, बिंदी, सगळं देवघरातल्या डब्यात तयार होतं. तिचा नवरा नीलकंठ तेव्हा बदलीवर परगावी होता, नाहीतर कदाचित सगळंच वेगळं झालं असतं.

बापूसाहेबांनी खिडकीतून मुलीला पाहिलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला.

"विनू," ते म्हणाले, "बाहेर जा आणि सांग तिला. म्हणावं, या घरातल्या बापाला मुलगी नव्हतीच कधी. जन्मलीच नव्हती, असं सांग. हेच शब्द सांग."

विनता ओसरीवरून फाटकाकडे निघाली. ते शब्द तिच्या ओठांवर निखाऱ्यासारखे होते. हे ऐकून ही पोर जगेल कशी? आईवेगळी मुलगी, तिला एक बाप उरला, त्यानंच 'जन्मलीच नव्हती' म्हटल्यावर तिनं कुणाकडे पाहायचं? आज ना उद्या बापूसाहेबांचा राग ओसरेल, पण एकदा कानात पडलेला असा शब्द कानातून काढायचा कसा? फाटकाच्या कडीला हात लागेपर्यंत तिनं ठरवून टाकलं.

"पूर्णा, तू परत जा," ती म्हणाली. आवाज कसा निघाला, देव जाणे! "बापूसाहेबांचं काही नाही. पण मला हे चालणार नाही. या घरात आता माझं चालतं."

पूर्णिमा तिच्याकडे पाहतच राहिली. आधी हसली, थट्टा वाटली असावी. मग तिचा चेहरा हळूहळू विझत गेला. "वहिनी... तू?" एवढंच म्हणाली ती. काळ्या साडीचा पदर डोळ्यांना लावून वळली आणि रिक्षात बसली.

कुणालाही शंका आली नाही, हेच तर नवल! भावजयीनं नणंदेचं माहेर तोडलं, यात लोकांना खोटं वाटण्यासारखं काय होतं? घरोघरी मातीच्या चुली. नातेवाइकांनी मान डोलावली, शेजारणींनी नाकं मुरडली. नीलकंठ परत आले, त्यांनी ऐकलं आणि विनताला काहीच विचारलं नाही. पण त्या न विचारण्यात जो दुरावा होता तो त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत दोघांच्या मधे राहिला. ते गेले तेव्हा पूर्णिमा आली होती. भावाच्या पायांवर डोकं ठेवून रडली, बापाच्या गळ्यात पडली, आणि वहिनीकडे न पाहता निघून गेली. "ती बाई त्या घरात आहे तोवर मी पाय ठेवणार नाही," असं कुणाला तरी म्हणाल्याचं विनताच्या कानावर आलं. तिला वाईट वाटलं. पण बापाच्या गळ्यात पडली ना, म्हणून आतून समाधानही वाटलं. माझा राग करते आहे ना, करू दे... बापाचा नाही ना करत!

बापूसाहेबांचा राग कधीच विरला होता. दोन-तीनदा ते फिरायला म्हणून निघाले आणि विजय नगरापर्यंत जाऊन परत आले. "विनू, आता कोणत्या तोंडानं बोलावू गं?" एकदा म्हणाले होते. खरं सांगायचं तर सुनेच्या डोक्यावर फोडलेलं खापर स्वतःकडे मागून घ्यायचं होतं, आणि एवढ्या मोठ्या हेडमास्तरांना तेवढं जमलं नाही. आणि मग एक दिवस त्यांना चष्मा कुठं ठेवला ते आठवेना, मग शाळेचं नाव आठवेना, मग नीलकंठ गेला आहे हे आठवेना... डॉक्टर म्हणाले, वयच आहे, असंच होत जाणार. पुढं माणसंही ओळखणार नाहीत. त्या दिवसापासून विनताच्या जिवाला एकच घोर लागला. बापूसाहेबांच्या डोळ्यांत ओळखीचा शेवटचा थेंब शिल्लक आहे तोवर पूर्णिमानं यावं, त्यांना भेटावं... आणि ते 'जन्मलीच नव्हती' मात्र तिच्या कानी कधी पडू नये.

मंडळाच्या पटांगणात थंडीभर रविवारचा 'घरचा बाजार' भरायला लागला तेव्हा विनतानं नाव दिलं ते म्हणूनच. या घरचा निरोप पूर्णिमा ऐकूनही घेणार नाही, हे ती जाणून होती. लोकांना ती सांगायची, झाडाला लिंबं फार लागली, बापूसाहेबांनाही जरा चार माणसांत ऊन मिळतं. दोन्ही खरंच होतं. पण लोणच्याच्या छोट्या बाटल्या भरताना तिच्या मनात जे असायचं ते असं, की जबलपूर काही एवढं मोठं नाही. या हातातून त्या हातात, या ताटातून त्या ताटात, सासूबाईंच्या हातची ती चव एक दिवस विजय नगरात पोचेल!

बाजार मोठा रंगतदार असायचा. कुणाचे क्रोशाचे रुमाल, कुणाची मण्यांची तोरणं, कुणाच्या गच्चीवरचे टमाटे. जवळच्या पाटनहून येणाऱ्या एक बाई ताज्या मटारच्या शेंगांची रास लावायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला मूठभर सोलून खायला द्यायच्या. विनताच्या टेबलावर लिंबं, कढीपत्त्याच्या जुड्या, लोणच्याच्या बाटल्या, आणि संक्रांत जवळ आली म्हणून हलव्याचे दागिने. शेजारी खुर्चीत बापूसाहेब. डोक्याला कानटोपी, गळ्यात मफलर आणि मांडीवर ती खण बांधलेली बरणी. ती घेतल्याशिवाय ते घरातून निघायचेच नाहीत. लहान मूल बाहुली धरतं तशी दोन्ही हातांनी धरून बसायचे. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चिनी मातीचा गार स्पर्श आवडत असेल, अशी विनतानं स्वतःची समजूत घातली होती.

"आंटी, ये बड़ी वाली बरनी कितने की है?" लोक विचारायचे.

"वो बेचने की नहीं है, बेटा," विनता सांगायची आणि एखादी बाटली पुढं करायची.

त्या रविवारी, अमेयनं सकाळी ते टोचून बोलल्यावर, तिचं मन कशातच नव्हतं. तेवढ्यात जीन्समधली एक कॉलेजातली मुलगी टेबलापाशी थांबली. तिनं हलव्याचा हार उचलून गळ्याशी धरून पाहिला.

"हे काय आहे, आंटी? शक्करचं?"

"हलव्याचे दागिने गं. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सुनेला, लेकीला घालतात. मराठी आहेस का तू?"

"आई मराठी आहे. मला समजतं पूरा, बोलायला जमत नाही ना." ती हसली. "पण आमच्या घरी आईचा असा फोटो नाहीये. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, माझी पहिली संक्रांत झालीच नाही."

विनतानं लिंबं रचायचं सोडलं. तिनं वर पाहिलं. ते कपाळ... हसताना उजवीकडे जरा जास्त उचललेला तो ओठ... लिंबाखालच्या खुर्चीतून "वहिनी, भूक लागली!" म्हणून ओरडणारी पोर समोर उभी होती!

"तुझं नाव काय, बाळ?"

"आर्या."

विनतानं चमचाभर लोणचं पोळीच्या तुकड्यावर ठेवून तिच्यापुढं धरलं. आर्यानं तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली.

"अरे! यात आम कुठून आला? थंडीत?" तिचे डोळे मोठे झाले. "आंटी, माझी आई दरवर्षी हळदीचं लोणचं बनवते आणि दरवर्षी म्हणते, जमलं नाही. 'वो वाला वास येत नाही,' म्हणते. मग कुणालाच खाऊ देत नाही. तिला हेच हवं असतं बहुतेक!"

विनतानं बाटली कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. पैशांसाठी पर्स उघडणारा तिचा हात तिनं आपल्या पिवळ्या हातानं मिटवला.

"असू दे. आईला दे. कुणी दिलं विचारलं, तर सांग... गोरखपूरच्या लिंबाच्या झाडाखालचं आहे."

मुलगी गेली. विनता खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "बापूसाहेब," ती हलकेच म्हणाली, "तुमची नात येऊन गेली हो!" बापूसाहेबांनी मान हलवली आणि बरणीवरून हात फिरवत मटारच्या ढिगाकडे पाहत राहिले.

तो आठवडा कसा गेला ते विनतालाच ठाऊक. फाटक वाजलं की ती धावायची. दूधवाला असायचा, नाहीतर वारा. आशा मोठी वाईट!

पुढच्या रविवारी बाजारात गर्दी फार होती. उन्हं वर आली होती. बापूसाहेबांच्या हातापायांवर लिंबाचा रस सांडला म्हणून विनता टेबलामागच्या चादरीच्या आडोशाला जाऊन नळाखाली बादली भरत होती. आणि तेवढ्यात तिला तो आवाज ऐकू आला. एवढ्या वर्षांनी, एवढ्या गलक्यात, तरीही!

"कुठं आहे ती? कुठं आहेत विनताबाई?"

पूर्णिमा आली होती. पण ती रडत आली नव्हती, पेटून आली होती. "आईचं लोणचं! माझ्या आईच्या हातचं लोणचं बाटल्यांत भरून बाजारात मांडून राहिली! माझं माहेर तर घेतलंच, आता आईची चवही विकायला काढली?"

आणि मग तिचा आवाज मधेच तुटला. तिला खुर्ची दिसली होती.

"बापू!"

चादरीच्या फटीतून विनताला सगळं दिसत होतं. केसांत पांढऱ्या बटा आलेली पूर्णिमा, तिच्यामागं घाबरलेली आर्या, आणि खुर्चीतले बापूसाहेब, हेडमास्तरी सभ्यतेनं मान वर करून तिच्याकडे पाहणारे.

"बोला. काय पाहिजे, बाई?"

विनतानं डोळे मिटून घेतले. उशीर झाला... ओळखीचा तो थेंबही आटला होता!

बापू असे विसरू लागलेत हे पूर्णिमाला ठाऊकच नव्हतं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं टेबलाचा काठ धरला. "बापू, मी... मी आहे ना..." पण त्या स्वच्छ, अनोळखी डोळ्यांत तिच्यासाठी काहीच नव्हतं. तिची नजर त्यांच्या मांडीवर गेली. पांढरी बरणी, खणाचा तुकडा, कुंकवाची टिकली. ती लहान असताना तिच्या आत्यासाठी भरलेली अशी बरणी तिनं फडताळात पाहिली होती. तिच्या गळ्यातून हुंदका फुटला आणि तोही रागाचाच निघाला.

"ही पण? लेकीची बरणीसुद्धा विकायला आणली तिनं?"

बापूसाहेबांनी बरणी छातीशी ओढून घेतली.

"छे! छे! ही विकाऊ नाही, बाई. दुसरं काय हवं ते घ्या. ही आमच्या पूर्णाची आहे."

पूर्णिमा टेबलाचा काठ सोडून त्यांच्यासमोर वाकली.

"दरवर्षी भरते विनू. पहिली हीच भरते," बापूसाहेब म्हणाले. समोरची बाई परकी होती म्हणूनच की काय, ते मोकळेपणानं बोलत होते. "विनूला वाटतं मी विसरलो. सगळं विसरतो हो मी, पण ही मी सोडत नाही हातातली. पूर्णा येईल आणि मी तिथं नसेन, असं व्हायला नको. मला तिला सांगायचं आहे."

"काय... काय सांगायचं आहे?"

बापूसाहेबांचा आवाज खाली आला. "मीच घालवलं तिला. संक्रांतीला आली होती, काळी साडी नेसून. मी विनूला म्हणालो, जा, सांग तिला, बापाला मुलगी नव्हतीच, जन्मलीच नव्हती. असं म्हणालो मी! आणि त्या पोरीनं, विनूनं, ते सांगितलंच नाही. म्हणाली, मला चालणार नाही, माझं घर आहे. सगळं आपल्या अंगावर घेतलं. मी खिडकीत उभा होतो, पडद्यामागं. सगळं ऐकत होतो. पण बोललो नाही... जन्मभर बोललो नाही."

"बापूसाहेब!" विनताच्या हातातून बादली सुटली. पाणी सगळीकडे पसरलं, त्यातूनच ती धावत बाहेर आली. "काहीही काय सांगता! पूर्णा, तू... तू ऐकू नकोस! ते आता काहीही बोलतात गं, त्यांना काही आठवत नाही. मीच म्हणाले होते तुला. मीच! आठवतं ना? त्यांच्यावर राग धरू नकोस, त्यांचे किती दिवस राहिले आता..."

"वहिनी."

"खरंच सांगते, मीच..."

"वहिनी, पुरे." पूर्णिमानं तिचे दोन्ही हात धरले. ओले, थंड, मनगटापर्यंत पिवळे. ती त्या हातांकडे पाहत राहिली आणि मग तिला उमाळाच आवरेना. "दादा गेला तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही गं! तू एकटी भिंतीला टेकून बसली होतीस, आणि मी तुझ्यासमोरून निघून गेले. पंचवीस वर्षं मला तुझा राग करू दिलास... काहून? काहून असं केलंस, वहिनी?"

"अगं, भावजयीचा राग काय, सगळ्याच नणंदा करतात," विनता रडता रडता कसंबसं हसली. "त्यानं कुणाचं काही अडत नाही. पण बापाचा राग घेऊन पोरीनं जगायचं कसं? आणि मला वाटलं होतं, चार-सहा महिन्यांत निवळेल. एवढं लांबेल असं कुठं ठाऊक होतं मला!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मटारवाल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि गिऱ्हाइकाला थांबवून ठेवलं. आजोबांना न्यायला आलेला अमेय केव्हापासून मागं उभा होता, सगळं ऐकत. तो पुढं आला, त्यानं उपडी पडलेली बादली उचलली आणि आईच्या पायांशी वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"ऊठ रे वेड्या, कपडे भिजतील," विनता म्हणाली.

तिनं टेबलावरचा हलव्याचा हार उचलला आणि पूर्णिमाच्या गळ्यात घातला. पूर्णिमाच्या अंगावर साधा स्वेटर होता, डोळे सुजले होते, वय पन्नाशीकडे झुकलं होतं. "पहिली संक्रांत राहिली होती तुझी," विनता म्हणाली. आर्यानं फोन काढला, पण एका हातानं डोळे पुसत दुसऱ्यानं काढलेला फोटो हलला. तोच नंतर सगळ्यांना सर्वांत आवडला, ही गोष्ट वेगळी.

मग पूर्णिमा बापाच्या खुर्चीपाशी खाली बसली. त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बापू, मी आले ना. बघा तरी. मी पूर्णा."

बापूसाहेबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग त्यांनी मान हलवली, अगदी हळुवारपणे, वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला समजवावं तशी.

"नाही हो. पूर्णा लहान आहे. तिच्या दोन वेण्या आहेत." आणि तिचे डोळे पाहून ते कळवळले. "रडू नका, बाई. तुम्हालाही मुलगी सोडून गेली का? येईल, येईल. माझी आली की तुम्हालाही देईन थोडं लोणचं. विनू नाही म्हणणार नाही."

विनताला वाटलं, आता ही पोर कोसळणार. तिनं पुढं व्हायला हात केला. पण पूर्णिमानं डोळे पुसले, पदराला नाही तर स्वेटरच्या बाहीला, लहानपणी पुसायची तसेच; आणि बाजूची प्लास्टिकची खुर्ची ओढून ती बापाशेजारी बसली.

"चालेल, बापू. मी थांबते. ती येईपर्यंत बसते तुमच्याजवळ."

"बसा, बसा. ऊन चांगलं आहे."

बाजार चालू राहिला. अमेय लिंबं देत होता, आर्या मोडक्या मराठीत लोणच्याची तारीफ करून बाटल्या खपवत होती, आणि विनता मधूनमधून मागं वळून पाहत होती. बापलेक उन्हात बसले होते. बापूसाहेब शाळेतल्या कुणा मुलाची गोष्ट सांगत होते, पूर्णिमा मान हलवत होती, आणि पुन्हा तीच गोष्ट सुरू झाली की पुन्हा तितक्याच नवलानं ऐकत होती.

उन्हं उतरायला लागली, लोक चादरी गुंडाळू लागले. बापूसाहेबांचे डोळे जड झाले होते. एवढ्या दिवसांत त्यांनी ती बरणी कुणाच्या हातात दिली नव्हती, अमेयच्यासुद्धा नाही. त्यांनी शेजारच्या बाईकडे पाहिलं, थोडा विचार केला, आणि बरणी उचलून तिच्या मांडीवर ठेवली.

"जरा धरता का? हात दुखले माझे," ते म्हणाले. "पण कुणाला देऊ नका हं. माझ्या मुलीची आहे."

"नाही देणार, बापू," पूर्णिमा म्हणाली आणि तिनं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली.